परग्रहावरचा फ्रेडी

उत्तनच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘रॉकस्टार कुठे राहतो?’ असं विचारा. माणूस हातातलं काम न सोडता हनुवटीनं वाट दाखवेल. त्यात टिंगल अजिबात नसते. टिंगल करायची मुभा फक्त मला आहे, कारण कित्येक वर्षं मी फ्रेडीच्या मागे बसून ड्रम बडवलेत आणि त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठ माझ्या जास्त ओळखीची आहे.

फ्रेडीचा धंदा बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचा. उभं आयुष्य चालू इंजिनाशेजारी ओरडून बोलण्यात गेलं, त्यातच त्याचा गळा तयार झाला असं माझं मत आहे. एकदा इंजिनाच्या पट्ट्यात सापडून डाव्या अंगठ्याचं टोक गेलं, तेव्हापासून गिटारही तो जरा स्वतःच्याच पद्धतीनं धरतो. आमच्या बँडचं नाव ‘मिठागर’. लग्नं, चर्चचे सण, नाताळ, कुणाच्या बोटीचं बारसं, जिथे बोलावतील तिथे आम्ही. चाल इंग्रजी रॉकची आणि शब्द उत्तनच्या बोलीतले. भर मे महिन्यात काळं लेदरचं जाकीट घालून फ्रेडी स्टेजवर उभा राहिला की गोराईपासून वसईपर्यंतच्या म्हाताऱ्यासुद्धा खुर्च्या सोडायच्या.

मी कौस्तुभ. मूळचा पार्ल्याचा, आता भाईंदर पश्चिमेचा, नोकरी वीज कंपनीच्या ऑफिसात. इथे घर घेतलं तेव्हा पार्ल्यातले नातेवाईक ‘म्हणजे पार तिकडेऽऽ?’ असं विचारायचे, जणू मी पृथ्वी सोडून चाललो होतो. त्या ‘तिकडे’ मला मिळालेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे फ्रेडी आणि त्याची बायको ज्युलिएट.

ज्युलिएट वहिनी पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. आमच्या बँडची एक रीत होती. बाकीचे बँड ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणून सुरू होतात. आम्ही सगळे वाद्यं लावून गप्प उभे राहायचो. लोकही गप्प व्हायचे, कारण त्यांना ठाऊक असायचं. मग पहिल्या रांगेतून हाक यायची, “फ्रेडीऽऽऽ!” ही तीच हाक होती, जी दुपारी घराच्या पायरीवरून बंदरापर्यंत पोचायची आणि तिचा अर्थ ‘भात निवतोय’ असा व्हायचा. ती हाक आली की मी काड्यांवर चार ठोके द्यायचो आणि फ्रेडी सुटायचा. हाकेशिवाय त्यानं एकदाही गाणं सुरू केलं नाही. एकदा वहिनींचा घसा बसला होता, तर कार्यक्रम पुढे ढकलला. मी चिडलो होतो, तो भाग वेगळा.

पहिलं गाणं नेहमी एकच असायचं. लग्न नवं असताना दुसऱ्याच्या बोटीचं इंजिन बघायला म्हणून फ्रेडी समुद्रात गेला आणि ती बोटच बंद पडून वाहत गेली. बिनतारी संदेश नाही, मोबाईल नाही. परत आल्यावर त्यानं हे गाणं बांधलं:

‘ज्युले गो, दिवा लाव,
मी दर्यान हाय, मी दर्यान हाय.
काळोख मोठा, बोट बारकी,
तुझा उजेड न्हाय, तुझा उजेड न्हाय.’

शेवटच्या ‘न्हाय’ला त्याचा आवाज मध्येच फुटायचा. मुद्दाम नव्हे. पण लोक त्या फुटण्याची वाट बघायचे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी शेजारच्या पाली गावातल्या एका लग्नात हेच गाणं चालू असताना वहिनींचं तोंड वाकडं झालं. फ्रेडीला वाटलं, बायको वेडावून दाखवतेय. त्यानंही डोळा मारला आणि आणखी एक कडवं घेतलं. मग त्यांच्या मांडीवरून पर्स घसरली, पाठोपाठ त्या घसरल्या. मेंदूत गुठळी होती. जीव वाचला, उजवा हात कमजोर राहिला, आणि बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द शिल्लक उरला: ‘न्हाय.’ चहा हवाय? न्हाय. झोप आली? न्हाय. लेक आली बघ. न्हाय, न्हाय, न्हाय, असं म्हणत हसायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या. होकार, नकार, राग, माया, सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं. आपण डोळे बघून ओळखायचं.

डॉक्टरांनी सांगितलं की ते कडवं घेतलं नसतं तरी फारसा फरक पडला नसता. फ्रेडीच्या डोक्यात ते शिरलं नाही. तो सरळ उत्तनच्या वेलंकणी मातेकडे गेला. तिथे बाहेर मेणाचे अवयव विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला मूल हवं तो मेणाचं बाळ. फ्रेडीनं मेणाचा गळा मागितला. दुकानदारीण म्हणाली, गळा कुणी मागतच नाही. शेवटी त्यानं एक अख्खी मेणाची बाई घेतली, मातेपुढे ठेवली आणि नवस बोलला: ज्युलिएट मला नावानं हाक मारेपर्यंत मी गाणार नाही.

मला हे त्यानं घरी आल्यावर सांगितलं. मी म्हटलं, “शाब्बास! देवीला गाणं आवडत नाही असं तुला कुणी सांगितलं?”

“आपल्याकडं दुसरं काय हाय द्यायला?” फ्रेडी म्हणाला. “जे सगळ्यांत जवळचं, तेच द्यावं लागतं.”

बँड बंद. ड्रम माझ्या गॅलरीत गेले आणि माझ्या बायकोनं त्यावर पापड वाळत घातले.

काही महिन्यांनी भाईंदरला मिनल मॅडम भेटल्या. त्या वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. मॅडमनी वहिनींना तपासलं, फ्रेडीची चौकशी केली आणि एकदम खूश झाल्या. “अहो, मग प्रश्नच मिटला! बोलणं मेंदूत ज्या बाजूला असतं, गाणं त्याशिवाय दुसऱ्या बाजूलाही थोडं असतं. पुष्कळ पेशंटना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं कुणी सोबत गायलं की शब्द बाहेर येतात. तुम्ही रोज यांच्यासमोर बसा, हात धरा आणि तुमचं ते पहिलं गाणं हळूहळू गा. तुमच्याइतकं चांगलं हे कुणालाच जमणार नाही.”

मी फ्रेडीकडे बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मॅडमनी त्याला पाणी दिलं.

तुमच्या लक्षात आलं असेलच. बायकोची वाचा परत यावी म्हणून त्यानं जे देऊन टाकलं होतं, तिच्या वाचेचं औषध नेमकं तेच होतं. मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. मातेवर काढता येत नाही, फ्रेडीवर काढवत नाही. मग मी रिक्षावाल्याशी भांडलो.

फादरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. फादर भला माणूस. म्हणाले, “फ्रेडी, हा नवस मी सोडवतो. मातेला तुझ्या बायकोचं दुःख हवंय का? जा, गा.” फ्रेडीनं मान डोलवली, आशीर्वाद घेतला, घरी आला, वहिनींसमोर स्टूल ओढून बसला. गिटारची तार छेडली. वहिनी टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांची मुलगी स्टेफनी सासरहून, मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून, मुद्दाम आली होती. फ्रेडीनं तोंड उघडलं. कपाळावर घाम आला. मग त्यानं गिटार खाली ठेवली.

“माझ्यानं व्हत न्हाय,” तो म्हणाला. “गळ्यापर्यंत येतं आन् तिथं ती मेणाची बाई उभी ऱ्हाते.”

“पप्पा, फादर बोलले ना!” स्टेफनी रडकुंडीला आली.

“फादर बोलले, बेटा. पण नवस मी फादरला न्हाय बोललेलो. आन् समज मी गायलो, तरी ती न्हाय बोलली, तं मंग काय? आता निदान वाट तरी बघता येते. आन् हाय तो एक शब्द पण गेला तर?”

मग आम्ही बाकीचे उपाय करून पाहिले. स्टेफनीनं गाऊन बघितलं, वहिनींनी तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, न्हाय. जुन्या लग्नांतले व्हिडिओ लावले. त्यांत फ्रेडी जेमतेम ऐकू येतो. सगळीकडे माझेच ड्रम, आणि मधूनमधून कुणाचा तरी काका कॅमेऱ्याला विचारतोय, जेवलात का. आयुष्यभर ‘मला जरा मोठा आवाज द्या’ म्हणून साऊंडवाल्यांशी भांडलो त्याचं हे फळ.

अशात चंदन आला.

चंदन हा अंधेरीचा, तिशीतला, पहिलाच चित्रपट करणारा दिग्दर्शक. चित्रपटाचं नाव ‘ओहोटीचा पाहुणा’. गोष्ट अशी की दुसऱ्या ग्रहावरचा एक जीव ओहोटीच्या वेळी खाडीत पडतो, त्याची भाषा कुणाला कळत नाही, आणि शेवटी मिठागरात उभा राहून तो आपल्या ग्रहाला गाणं गाऊन हाक मारतो. या पाहुण्याच्या कामासाठी त्याला खाडीच्या चिखलात न रुतता चालू शकणारा आणि स्टेजवर उभं राहण्याची सवय असलेला माणूस हवा होता. आमचा एक जुना व्हिडिओ बघून तो थेट घरी आला.

“अंकल, तुमचं ते गाणंच घेऊ आपण,” तो म्हणाला. “लँग्वेज एकदम परफेक्ट आहे. अंधेरीत ऑफिसमध्ये ऐकवलं, किसी को एक शब्द समझा नहीं. ऑडियन्सला वाटेल, सचमुच दुसऱ्या प्लॅनेटवरून आलाय.”

माझं डोकं सटकलं. “साहेब, ही भाषा तुमच्या अंधेरीत बिल्डिंगी उगवायच्या आधीपासून इथे बोलतात. परके तुम्ही आहात.”

“अरे, ऱ्हाऊ दे,” फ्रेडी हसत म्हणाला. “मुंबईवाल्यांना आपण तसेच.” मग चंदनला म्हणाला, “गाणं घे. ॲक्टिंग पण करीन. पण गाणार न्हाय.”

मग चंदनला नवसाची गोष्ट सांगितली. तो ‘सॉरी अंकल’ म्हणून उठणार तेवढ्यात त्याच्या मोबाईलवरचं चित्र वहिनींनी बघितलं. राखाडी रबराचा मुखवटा, गालांवर माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी, कपाळ फुगलेलं. वहिनींनी चित्राकडे बघितलं, फ्रेडीकडे बघितलं आणि खो खो हसत सुटल्या. आजारपणानंतर त्या पोट धरून हसल्या त्या त्याच दिवशी. फ्रेडीनं तिथल्या तिथे होकार दिला. म्हणाला, गाणं नाही तर नाही, हसवता तरी येईल.

शूटिंग मुर्ध्याच्या जुन्या मिठागरात होतं. मी रजा टाकून जायचो. फ्रेडीच्या अंगात रबराचा पोशाख, तोंडावर मुखवटा. हातमोजे चिखलात फाटायला लागले म्हणून हात उघडेच ठेवून राखाडी रंग फासला होता. डाव्या हाताचा तो तोकडा अंगठा लांबूनही ओळखू यायचा. मुर्ध्याची पोरंटोरं बांधावर बसून ‘ए परग्रह, वडापाव खातो काय’ म्हणून ओरडायची आणि परग्रह मान हलवून होय म्हणायचा. दुपारी मुखवटा काढला की आतून पाव लिटर घाम निघायचा.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी चंदननं गाडी पाठवून वहिनींना आणवलं. छत्रीखाली प्लास्टिकची खुर्ची मांडली. मला काही तरी वाटलं. फ्रेडीलाही वाटलं असणार, कारण मुखवटा चढवण्याआधी तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “ज्युले, हाक मार. एकदाच. मंग बघ.” वहिनींनी ओठ जुळवले. वरचे दात खालच्या ओठावर टेकले. सगळं युनिट थांबलं होतं. “फ...” असा नुसता वारा आला, आणि मग, “न्हाय.” त्यांनी रागानं स्वतःच्याच तोंडावर चापट मारली. फ्रेडीनं त्यांचा हात धरला, मांडीवर ठेवला आणि मुखवटा चढवला.

त्यानं ते गाणं मुक्यानंच केलं. ठेका मी एका पत्र्याच्या डब्यावर देत होतो. मिठागराच्या मधोमध राखाडी प्राणी उभा, आभाळाकडे हात पसरलेले, तोंड उघडतंय, मिटतंय, मानेच्या शिरा ताणल्यात, आणि आवाज नाही. नुसता डबा. माझ्या डोळ्यांपुढे धूसर झालं. युनिटमधल्या पोरींनी डोळे पुसले. चंदन ‘कट’ म्हणायचं विसरला. वहिनी मात्र खुर्चीत पुढे झुकून, कान पुढे करून बसल्या होत्या. इंजिनाचा आवाज ऐकू आला नाही की मेकॅनिक बसतो, तसं.

पुढे आवाज कुणाचा घातला, तर वसईच्या एका तरुण गायकाचा. त्यानं हेडफोन लावून आमचे सगळे व्हिडिओ पुन्हापुन्हा ऐकून फ्रेडीची नक्कल केली, शेवटच्या ‘न्हाय’चं फुटणंसुद्धा उचललं. चंदननं फ्रेडीला फोनवर तसं रीतसर सांगितलं, फ्रेडीनं ‘चालेल’ म्हटलं. ही गोष्ट वहिनींना सांगायला हवी असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सांगितलं तर कळणार होतं की नाही, कुणास ठाऊक. पण सांगितलं नाही.

चित्रपट लागला तेव्हा उत्तनहून टेम्पो भरून माणसं मिरा रोडच्या मॉलमध्ये आली. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. फ्रेडीनं लेदरचं जाकीट कपाटातून काढून घातलं होतं. मधल्या रांगेत तो, त्याच्या डावीकडे वहिनी, उजवीकडे मी, पलीकडे स्टेफनी. पडद्यावर राखाडी पाहुणा चिखलातून उठला तेव्हा शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं. फ्रेडी लाजला. खरंच लाजला, नव्या नवऱ्यासारखा.

मग शेवटचं गाणं आलं. मिठागर, आभाळ, पसरलेले हात. पाहुण्यानं तोंड उघडलं आणि त्यातून स्वच्छ, मोठा, तरुण आवाज आला, ‘ज्युले गो, दिवा लाव...’

वहिनी ताठ झाल्या. कमजोर हातानं त्यांनी पुढची खुर्ची धरली. आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आधी पुटपुटल्यासारखं, मग पडद्याबरोबर स्पष्ट:

“...दर्यान हाय, मी दर्यान हाय...”

दोन वर्षांत आम्ही त्यांच्या तोंडून ‘न्हाय’शिवाय काही ऐकलं नव्हतं. स्टेफनीनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. वहिनी गात होत्या. काळोख मोठा, बोट बारकी. एकेक शब्द धडधाकट. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. पडद्यावर पाहुण्याचा डावा हात मोठा झाला, तोकडा अंगठा दिसला, आणि वहिनींनी बोट दाखवून पहिल्या रांगेतली ती हाक मारली, “फ्रेडीऽऽऽ!”

नवस फिटला. मी फ्रेडीकडे बघितलं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. नेहमीची हाक आली होती, आता सुटायचं. मला तर काड्यांशिवायच हातात चार ठोके आले. दोन वर्षं बंद ठेवलेला गळा त्यानं उघडला. “मी दर्या...” घोगरा, गंजलेला आवाज निघाला, पण त्याचाच. माझ्या फ्रेडीचा.

वहिनींनी पडद्यावरची नजर न काढता हात मागे आणला आणि त्याच्या तोंडावर दाबून धरला. “न्हाय!” त्या दटावून म्हणाल्या. सिनेमात शेजारी बडबड करणाऱ्याला गप्प करतात तसं.

त्यांना फ्रेडीचं गाणं ऐकायचं होतं.

फ्रेडी तसाच बसला, तोंडावर बायकोचा हात घेऊन, गाणं संपेपर्यंत. दिवे लागल्यावर लोकांनी त्याला उचलून घेतलं, हार घातले, सेल्फी काढले. उत्तनच्या बायका वहिनींना मिठ्या मारत होत्या, कुणी मातेचं नाव घेत होतं. फ्रेडी सगळ्यांना ‘थँक यू, थँक यू’ म्हणत होता. मला त्या वसईच्या पोराचा गळा दाबावासा वाटत होता, आणि त्या बिचाऱ्याची तर काहीच चूक नव्हती. कुणाचीच नव्हती. तेच तर सोसवत नाही.

मिनल मॅडम म्हणाल्या, उत्तम, दार उघडलंय, आता घरी तुम्ही गा. फ्रेडी गायला. रोज गायला. गंज उतरला, आवाज बराचसा जागेवर आला. वहिनी सभ्यपणे ऐकून घ्यायच्या, ओठ हलवायच्या नाहीत, आणि कडवं संपलं की मोबाईलकडे बोट दाखवायच्या. मोबाईलवर पाहुणा लागला की गायच्या. फ्रेडी मोबाईल धरून उभा. मी मॅडमना विचारलं, वहिनी त्याला ओळखत नाहीत का? मॅडमनी मान हलवली. “ओळखतात हो. त्यांच्याच हातून जेवतात, रुसतातही त्यांच्यावरच. पण हरवलेलं नाव परत आलं ते त्या पडद्यावरच्या चेहऱ्यासोबत आलं आणि तिथेच चिकटून बसलंय. ते कुठे बसावं, हे माझ्या हातात नाही.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “सुटेलही. सांगता येत नाही.”

आठवडाभर फ्रेडी तसाच मोबाईल धरून उभा राहिला. मग त्यानं चंदनला फोन करून मुखवटा मागून घेतला.

आता हा कार्यक्रम रोज दुपारी असतो आणि दर रविवारी मीही उत्तनला जातो. जेवणं झालेली असतात. वहिनी पलंगाच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसतात. स्वयंपाकघरातून फ्रेडी येतो, अंगात बनियन आणि लुंगी, तोंडावर राखाडी रबर, हातात गिटार. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन तयार. आम्ही दोघं गप्प उभे राहतो.

“फ्रेडीऽऽऽ!” वहिनी हाक मारतात. पायरीवरून बंदरापर्यंत जाईल अशी.

मी चार ठोके देतो आणि तो गातो. मुखवट्यात आवाज कोंडतो, जाडसर होतो, पण वहिनींना चालतो. त्या बरोबरीनं गातात, मध्येच त्याच्या रबरी गालावरून हात फिरवतात. मॅडमच्या हिशेबानं सुधारणा झपाट्यानं आहे. ‘दिवा’ येतो, ‘बोट’ येतो, परवा तर त्या मला ‘चा?’ असं विचारून गेल्या. मला हसूही येतं आणि रडूही येतं, आणि डबा वाजवायचा असल्यामुळे दोन्ही गिळावं लागतं.

रबरात फार वेळ तग धरत नाही. दोन गाणी झाली की फ्रेडी मुखवटा काढतो. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. वहिनी त्याला नीट बघतात. डाव्या हातानं टॉवेल पुढे करतात. मग त्याच्या हातातल्या रिकाम्या मुखवट्याकडे बघतात, दाराकडे बघतात आणि काळजीनं विचारतात, “फ्रेडी?”

“येल गो,” फ्रेडी तोंड पुसत म्हणतो. “उद्या दुपारी येल परत.”

मग तो मुखवटा आतून साबणानं धुतो आणि मागच्या दोरीवर लुंगीशेजारी चिमटा लावून वाळत घालतो.